बाराशे तासांचा हिशेब

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की शहर सरतासरता विष्णुपुरी येते. गोदावरीवरच्या प्रकल्पामुळे हे नाव मराठवाडाभर झालं. पोरापोरींना मात्र ते तीन संस्थांमुळे ठाऊक आहे. १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आणि पुढे शहरातून इथे आलेलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिन्ही ठिकाणी सकाळी घंटा होते, मस्टरवर सह्या होतात, कुणीतरी शिकवतं आणि कुणीतरी शिकतं. पण काम किती झालं हे विचारलं तर तीन वेगळे तराजू बाहेर निघतात. एक तंत्रशिक्षण परिषदेचा, एक विद्यापीठ अनुदान आयोगाचा, एक वैद्यक आयोगाचा. एकाच बसथांब्यावर उतरणाऱ्यांचे हे तीन तराजू एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढच्या प्रकरणांचा विषय हाच आहे: प्राध्यापकाचं आणि विद्यार्थ्याचं काम आपण कशाला म्हणतो, ते कुणी मोजायचं, आणि मोजून त्याचं करायचं काय. विषय कोरडा वाटतो. स्टाफरूममध्ये 'वर्कलोड' हा शब्द निघाला की आवाज कसे चढतात ते ज्याने ऐकलंय त्याला तो कोरडा वाटणार नाही.

सुरुवात एका गमतीच्या आकड्याने करू. अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम सांगतात, पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांहून कमी नसावा आणि वर्षात असे ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस, भरावेत. चाळीस गुणिले तीस, बाराशे तास. आता विद्यार्थ्याकडे वळा. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार विद्यार्थ्याचं एक वर्ष हे १२०० मानीव अध्ययन-तासांचं धरलं आहे. त्याचे ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. गुरू आणि शिष्य दोघांच्या नावावर बरोबर बाराशे तास! आणि महाराष्ट्राने आपल्या शासन निर्णयात वर्षाला ४० ते ४४ श्रेयांकांची मुभा ठेवली असल्याने ४४ धरले तर विद्यार्थ्याचे तास होतात १३२०. कागदावर आपल्या बी.ए.च्या पोराला त्याच्या सरांपेक्षा जास्त काम आहे. हे पोराला कुणी सांगितलेलं नाही, आणि सरांनाही.

दोन्ही बाजूंना आकडा एक, पण त्यामागचं प्रयोजन मुळीच एक नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं की प्राध्यापकाच्या तासांचं माप काम कळावं म्हणून घडलेलंच नाही. ते पदं मंजूर करण्यासाठी आणि पगार काढण्यासाठी घडलं. जे तास पदाशी जोडता येतात ते मोजले जातात, बाकीचे हवेत जातात. विद्यार्थ्याच्या तासांना तर तेही नशीब नाही, कारण त्यांच्यावर कुणाचाच पगार अवलंबून नाही.

हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन द्यायची तर महाविद्यालय कशाला म्हणायचं ते ठरवणं आलं. म्हणून प्रवेश घेणाऱ्या मुलाने शाळेत अमुक इतकी 'युनिटं' पुरी केलेली हवीत अशी अट आली, आणि एक युनिट म्हणजे वर्षभरात १२० तास एका विषयाचा अभ्यास. निवृत्त मास्तरांची सोय लावताना पोरांच्या शिकण्याला घड्याळ लागलं ते असं. पुढे १९१० मध्ये त्या निधीतून उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानने मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याकडून विद्यापीठांच्या कार्यक्षमतेवर अहवाल करून घेतला. कुक हे कारखान्यातल्या वेळमोजणीचे प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांचे अनुयायी. त्यांनी 'विद्यार्थी-तास' हे एकक सुचवलं. शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानने स्वतःच आपल्या युनिटाचा फेरविचार केला. निष्कर्ष असा की माप सदोष आहे, पण टाकून द्यावं तर बदल्यात दुसरं हाताशी नाही.

आता आपल्याकडचं कार्यभार पत्रक जवळून पाहू. अनुदानित महाविद्यालयात हा कागद फार महत्त्वाचा. प्राचार्य त्यावर सही करतात आणि तो सहसंचालक कार्यालयात तपासणीला जातो. रकाने साधे असतात: वर्ग, विषय, विद्यार्थीसंख्या, तुकड्या, आठवड्याच्या तासिका, प्रात्यक्षिकं, एकूण. शेवटच्या रकान्यातून पदं निघतात. सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. पण वेळापत्रकातली तासिका वर्षानुवर्षं ४८ मिनिटांची असल्याने सोळा घड्याळी तासांच्या होतात वीस तासिका. म्हणून जुन्या प्राध्यापकांच्या तोंडी 'वीस पिरियडचा फुल वर्कलोड' हेच असतं.

समजा प्रात्यक्षिकाची तुकडी वीस मुलांची आहे. चाळीस मुलं असली की दोन तुकड्या. एक्केचाळिसावं पोर आलं आणि तिसरी तुकडी मान्य झाली तर आठवड्याला चार तासिका वाढल्या. तिन्ही वर्षांत असंच झालं तर बारा वाढल्या. वीस तासिकांचं एक पद, म्हणजे तीन वर्गांतली तीन पोरं मिळून अर्ध्याहून अधिक पद उभं करतात. उलटंही तितकंच खरं. तीन पोरं दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली की इथला एक माणूस सरप्लस व्हायच्या वाटेला लागतो.

म्हणूनच दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांचे प्राध्यापक मोटारसायकली काढून गावोगाव फिरतात. सरपंचाला भेटायचं, बारावी झालेल्या पोरांच्या याद्या मिळवायच्या, बापाला समजावायचं की ॲडमिशन आमच्याकडेच करा, फॉर्म आम्ही भरतो, बसपासचंही बघतो. भर उन्हातलं हे काम नोकरी टिकवतं. पण ज्या पत्रकासाठी ते केलं जातं त्या पत्रकात त्याला रकाना नाही. मापाने काम मोजावं अशी अपेक्षा. इथे मापानेच एक नवं काम जन्माला घातलं आणि ते मोजायचं मात्र नाकारलं.

आयोगाच्या नियमांत प्रत्यक्ष अध्यापनापलीकडचे तास नाहीतच असं नव्हे. अध्यापकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावं असं २०१८ चे विनियम सांगतात. पदवीच्या वर्गांसाठी विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन, समाजकार्य, ग्रंथालयातली मदत अशा गोष्टींना रोज किमान दोन तास द्यावेत, पदव्युत्तर वर्गांसाठी संशोधनाला दोन तास द्यावेत, असंही त्यांत आहे. आता बेरीज करा. अध्यापनाचे १६, सहा दिवसांचे दोन-दोन मिळून १२, झाले २८. चाळिसातून उरले १२ तास. सोळा तासांच्या शिकवण्याची तयारी या बारात बसवायची तर तासाला पाऊण तास येतो. तोही कधी? उत्तरपत्रिका, प्रवेश समिती, परीक्षा समिती, नॅकच्या फायली, युवक महोत्सव, निवडणुकीची ड्यूटी हे सगळं शून्य धरलं तर.

या सगळ्यात उत्तरपत्रिकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम सांगतो, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत, निकाल लागला पाहिजे. म्हणजे तपासणीची मुदत कायद्याने बांधली. तपासणीला लागणारे तास मात्र आठवड्याच्या कार्यभारात बसवले नाहीत. त्यांचं मानधन उत्तरपत्रिकेमागे. परीक्षेचं काम हे नोकरीचा भाग की नोकरीवरचं जादा काम, हा वाद महाराष्ट्राने २०१३ मध्ये चांगलाच अनुभवला. एमफुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या हाकेवरून ४ फेब्रुवारी ते १० मे या काळात प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या वेगळ्या होत्या, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटचा प्रश्न. वर्गातले तास त्या काळात बंद नव्हते. तरीही ७१ दिवसांच्या पगाराचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. जे काम कार्यभारात मोजलं जात नव्हतं, ते थांबवल्यावर पगार थांबवण्याइतकं मोठं ठरलं. हा विरोधाभास त्या वेळी दोन्ही बाजूंनी नीट मांडला गेला नाही असं मला वाटतं.

मे २०१६ मधला प्रसंग याच जातीचा. अनुदान आयोगाने दुरुस्ती काढून सहायक प्राध्यापकाचे तास सोळावरून अठरा केले, वर ट्यूटोरियलचे सहा ठेवले, आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे व्याख्यानाचा एक असं गणित घातलं. दिल्लीत प्राध्यापकांनी पेपर तपासणी बंद केली. विरोधाचं खरं कारण होतं पदं. तास वाढले आणि प्रात्यक्षिकं निम्मी झाली की तेवढ्याच मुलांना कमी माणसं पुरतात, आणि आधी घरी जातो तो हंगामी शिक्षक. काही आठवड्यांतच ही दुरुस्ती मागे घ्यावी लागली. प्रयोगशाळेत उभं राहून दोन तास शिकवणं हे फळ्यापुढच्या एका तासाइतकं आहे का, हा शैक्षणिक प्रश्न मात्र त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही. विद्यार्थ्यापुरतं त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं आहे: अभियांत्रिकीत आठवड्याला दोन तासांच्या प्रयोगशाळेला एक श्रेयांक, व्याख्यानाच्या एका तासाला एक.

हंगामी म्हणजे आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे, सीएचबीचे प्राध्यापक. मराठवाड्यात असं महाविद्यालय शोधावं लागेल जिथे ते नाहीत. एक रिकामं पद, त्याच्या तासिका एकापेक्षा अधिक जणांत वाटलेल्या, नेमणूक त्या-त्या शैक्षणिक वर्षापुरती, तास झाला तर पैसे. पोळ्याची सुट्टी लागली, कॉलेज बंद राहिलं, परीक्षा सुरू झाल्या, की तास नाही आणि पैसेही नाहीत. इथे कार्यभाराचं माप अगदी शुद्ध रूपात दिसतं. नियमित सहायक प्राध्यापकाच्या ४० तासांत वर्गातले १६, म्हणजे व्यवस्थेने स्वतःच मान्य केलंय की वर्गातल्या एका तासामागे दीड तासाचं न दिसणारं काम असतं. तोच तास, तोच वर्ग, तोच धडा सीएचबीवाल्याने घेतला की मागचा दीड तास नाहीसा होतो. त्याला धडा तयार करावा लागत नाही असं शासनाचं म्हणणं असेल का? पुढच्या प्रकरणांत या माणसाचा हिशेब मांडल्याशिवाय कार्यभाराचा कुठलाही आकडा मी खरा मानणार नाही.

मधल्या काळात एक वेगळा प्रयोग झाला, तोही सांगायला हवा. ३० जून २०१० च्या विनियमांनी तासांच्या जोडीला गुण आणले, एपीआय. शोधनिबंधाला इतके, परिसंवादाला इतके, पुस्तकाला इतके. हेतू वाईट नव्हता; वर्गाबाहेरचं काम मोजायचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. झालं असं की गुण मिळवून देणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं आणि परिसंवादाच्या प्रमाणपत्रांनी फायली जाड होत गेल्या. २०१८ मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांवरची संशोधनाची ती सक्ती सैल केली गेली. याच मापाने एक जुनं उदाहरण तोलून पाहा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात विचारवंत नरहर कुरुंदकर शिकवत होते, पुढे तिथेच प्राचार्य झाले. मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्यासपीठांवर त्यांनी जे शिकवलं ते कुठल्या रकान्यात घालायचं? 'विस्तार कार्य' म्हणून गुण पाच? कुणी म्हणेल, कुरुंदकर अपवाद होते. होतेच. पण अपवादाला शून्य देणारं माप सामान्यालाही काय शिकवतं ते बघा.

आता विद्यार्थ्याकडे. या बाजूला मोजायला उशिरा सुरुवात झाली, आणि तीही वर्ग नसलेल्या विद्यापीठांनी केली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास असं फार आधी ठरवलं. त्यात पाठ वाचणं, कॅसेट ऐकणं, स्वाध्याय लिहिणं सगळं आलं. कारण उघड आहे. तिथे मोजायला शिक्षकाची तासिकाच नव्हती, म्हणून शिकणाऱ्याकडे बघणं भाग पडलं. युरोपात १९८९ पासून श्रेयांक बदलीची जी पद्धत आली तिने वर्षाला ६० श्रेयांक आणि प्रत्येकी २५ ते ३० तास धरले. तिथल्या कितीतरी विद्यापीठांत सत्र संपल्यावर मुलांना विचारतात, या विषयाला तुला खरोखर किती तास लागले? आकडा फारच वेगळा आला तर अभ्यासक्रम कापतात किंवा श्रेयांक बदलतात. आपण ३० चा आकडा घेतला, विचारणं घेतलं नाही.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही विष्णुपुरीच्या विद्यापीठाची चार जिल्ह्यांची हद्द. कंधार किंवा मुखेड तालुक्यातल्या एखाद्या गावचं पोर धरा. सत्राला २२ श्रेयांक, म्हणजे ६६० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४. सगळे श्रेयांक व्याख्यानाचे असतील तर त्यातले २२ तास वर्गात, २२ घरी. घरी म्हणजे कुठे? एस.टी.चा जायचा-यायचा वेळ रोज दोन तास धरला तर आठवड्याला बारा तास तिथेच गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की पोर रानात असतं. मजूर लावायचा तर पिकाचे पैसे काढणीतच जातात हे घरात सगळ्यांना कळतं. सत्र परीक्षेचा महिनाही तोच किंवा त्याला लागून. विद्यापीठाच्या वेळापत्रकात पावसाळी सत्र आहे, खरीप हंगाम नाही. आणि ७५ टक्के हजेरीची अट तर सगळ्यांना सारखी.

याच विद्यार्थ्याच्या आयुष्यात काही तास मात्र चोख मोजले जातात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, डायरीत नोंद आणि कार्यक्रम अधिकाऱ्याची सही. 'कमवा व शिका'मध्ये ताशी हिशेबाने पैसे मिळतात; कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या महाविद्यालयात १९४७ पासून रुजवलेली ती परंपरा विद्यापीठांच्या आवारांत अजून चालू आहे. झाडांची आळी केलेले तास, ग्रंथालयातली पुस्तकं लावलेले तास कागदावर आहेत. त्या पुस्तकांतलं एखादं वाचलेले तास कुठेही नाहीत.

लातूरने ही गोष्ट उलट्या टोकाने केली. राजर्षी शाहू महाविद्यालयात ऐंशीच्या दशकात जो 'लातूर पॅटर्न' आकाराला आला त्याचं मर्म विद्यार्थ्याचा वेळ ताब्यात घेण्यात होतं: जादा तास, सुट्टीतले वर्ग, सराव परीक्षांवर सराव परीक्षा. तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे विष्णुपुरीच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो. ज्या महाविद्यालयाने पोराच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब ठेवला, त्याचे प्राचार्य जिथे पहिले कुलगुरू झाले त्या विद्यापीठात पदवीच्या पोराचा घरचा अभ्यास आज मानीव आहे. लातूर पॅटर्नवर टीका पुष्कळ झाली, घोकंपट्टी म्हणून, मुलांवरचा ताण म्हणून. ती मला पटते. पण एक श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी अभ्यासाचे तास गृहीत धरले नाहीत, जागा आणि माणूस देऊन ते घडवून आणले. आज ट्यूशनवाले तेच करतात, फी घेऊन.

विष्णुपुरीतला तिसरा तराजू वैद्यकीयचा, आणि तिथे विद्यार्थी व नोकर एकाच माणसात असतात. निवासी डॉक्टर पदव्युत्तर विद्यार्थी असतो आणि वॉर्डही तोच चालवतो. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांत त्याच्यासाठी सलग कामाला दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा सांगितलेली आहे. वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर विनियमांत आकडा राहिला नाही. कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि विश्रांतीही 'वाजवी' मिळावी, एवढंच आलं. तीस वर्षांत आकड्याचं विशेषण झालं. ज्या राज्यात निवासी डॉक्टरांचे संप कामाच्या तासांवरूनही होतात तिथे हे विशेषण कुणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला नको.

पुढची प्रकरणं वाचताना आकड्यांबाबत थोडी सावधगिरी बाळगावी. तास आला की तो ४८ मिनिटांचा की साठ मिनिटांचा ते आधी पाहावं. आठवड्याचा की सत्राचा, तेही. प्रात्यक्षिक पूर्ण धरलंय की निम्मं, त्यावर सगळी बेरीज फिरते. 'मंजूर' आणि 'भरलेलं' पद यांत फरक आहे, आणि भरलेल्यांत सीएचबी धरलेत की नाही हे तर प्रत्येक तक्त्याखाली शोधावं. विद्यार्थ्याच्या तासांचा आकडा दिसला तर तो कुणी विचारून घेतलाय की नियमातून उतरवलाय, एवढंच विचारावं. माझ्या अंदाजाने बहुतेक ठिकाणी तो उतरवलेला निघेल. त्यावरचा उपाय खर्चिकही नाही. सेवा योजनेची असते तशी वही, एकाच वर्गाला, एकाच सत्रापुरती: घरी किती वाचलं, बसमध्ये किती वेळ गेला, रानात किती. शेजारी त्याच विभागाच्या अध्यापकांची तशीच वही, सीएचबीवाल्यांसकट. अशी वही कुठल्याही विभागाला येत्या पावसाळी सत्रापासून सुरू करता येईल. त्यासाठी सहसंचालक कार्यालयाची मान्यता लागत नाही.